आधी अ‍ॅम्प बंद करायला सांगा

छोट्या अंगाच्या अकूस्टिक गिटारमधून भरदार आवाज निघू शकतो. अशा गिटारी शंभर वर्षांहून अधिक काळ बनत आल्या आहेत, त्या वाजवून लोकांनी नाव कमावलं आहे. आपल्या बाजारात दुर्मीळ आहे ते त्यांच्याबद्दलचं सरळ उत्तर. प्रस्तुत लेखिकेने त्यासाठी चांगली पाच आकडी रक्कम मोजली आहे, त्यामुळे पुढचा मजकूर अधूनमधून कडवट लागला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

लेखिकेचं खांद्याचं दुखणं जुनं. नेहमीची ड्रेडनॉट गिटार खालच्या घेरात साडेपंधरा इंचांहून रुंद आणि जवळजवळ पाच इंच खोल असते. तिच्यावरून उजवा हात टाकायचा तर खांदा उचलावाच लागतो. म्हणून शोध छोट्या गिटारचा, पण आवाज पातळ नको. पुण्यातल्या एका दुकानात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. विक्रेत्याने भिंतीवरून एक देखणी, मधाच्या रंगाची गिटार काढली, "ताई, छोटा पॅकेट, बडा धमाका!" म्हणत तिला वायर लावली आणि काचेच्या बंद खोलीत अ‍ॅम्पवर असे काही कॉर्ड झोडले, की मोह पडावा. "वायर न लावताही असाच वाजेल ना?" या प्रश्नावर उत्तर आलं, "असाच. अ‍ॅम्प फक्त शो म्हणून. लाकूड सॉलिड आहे." वर पुरावा म्हणून, "एड शीरन हीच साइज वाजवतो."

एड शीरनचं खरं आहे. मार्टिन कंपनीच्या एलएक्स१ई या चिमुकल्या गिटारवर त्याने स्टेडियमं भरवली. पण त्या गिटारचा आवाज पिकअपमधून लूप पेडलमध्ये आणि तिथून ट्रकभर स्पीकरमध्ये जातो. पुढे त्याने उत्तर आयर्लंडच्या जॉर्ज लोडन या गिटार-कारागिराबरोबर स्वतःच्या नावाच्या गिटारीही काढल्या. २०२४ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ज्यांनी त्याला ऐकलं, त्यांनी स्पीकर ऐकले. दिवाणखान्यात बसून गाणाऱ्या बाईला हा दाखला देणं ही शुद्ध धूळफेक.

मग कोणाचा दाखला द्यायचा? जोन बाएझ या अमेरिकन लोकगायिकेचा द्या. तिची १९२९ सालची मार्टिन ०-४५ खालच्या घेरात साडेतेरा इंच. मार्टिनच्या आकारांची गंमत अशी, की शून्यं वाढतात तसं अंग वाढतं: ० साडेतेरा इंच, ०० चौदाच्या थोडं पुढे, ००० पंधरा. आज आपण ज्याला छोटं म्हणतो तो ० आकार एकोणिसाव्या शतकात मोठा समजला जाई. ड्रेडनॉट तर १९१६ मध्ये डिटसन या दुकानासाठी पहिल्यांदा बनली आणि मार्टिनच्या स्वतःच्या नावाने १९३१ मध्ये बाजारात आली. तोवर गिटार वाजवणारे काही कुजबुजत नव्हते. एरिक क्लॅप्टनने १९९२ च्या 'अनप्लग्ड' मैफिलीत वाजवलेली १९३९ ची ०००-४२ ड्रेडनॉटहून लहान आणि उथळ. २००४ च्या लिलावात तिला ७,९१,५०० डॉलर मिळाले. तेवढे पैसे असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

लहान अंगातून खर्ज कसा निघतो, हे विक्रेत्यांनी एकदा समजून घ्यावं. गिटारच्या पोटातली हवा आणि मधलं भोक मिळून एक ठरावीक सूर धरतात, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतो तसा. मोठ्या ड्रेडनॉटमध्ये हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. पोट लहान झालं की तो वर सरकतो. आणि सर्वांत जाड तारेचा मूळ सूर आहे ८२ हर्ट्झ. म्हणजे छोटी गिटार तो मूळ सूर जोरात देऊच शकत नाही. पण त्याच तारेतून १६५ आणि २४७ हर्ट्झचे उपस्वरही निघतात. ते दमदार असले, की आपला कान खालचा हरवलेला सूर स्वतःच भरून घेतो. छोट्या गिटारचा भरदारपणा हा बराचसा असा कानाने पुरा केलेला असतो. ते उपस्वर दमदार यायचे तर वरची फळी हलकी आणि मोकळी हलणारी हवी. आन्तोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या केलेली एक गिटार बनवली, ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्याला दाखवायचं होतं ते हेच, की वाजतो तो टॉप, म्हणजे वरची फळी.

आणि नेमकी तिथेच फसवणूक होती.

ती उघडकीला आली कोथरूडमध्ये एका मैत्रिणीच्या घरी. हार्मोनियम, दोन गळे आणि ही नवी गिटार. पहिल्याच गाण्यात गिटार दिसेनाशी झाली, म्हणजे हातात होती, ऐकू येत नव्हती. जे ऐकू येत होतं ते डब्यात खडे हलवल्यासारखं. तिथे आलेल्या एका वयस्क कारागिराने ती मागून घेतली. सगळ्यांत जाड तार छेडली आणि ती किती वेळ घुमते हे ऐकलं. घुमली नाहीच. मग मोबाइलचा टॉर्च भोकाच्या कडेवर धरला. "कडेला काळा रंग का लावलाय, सांगा," एवढंच म्हणाले. खिशातून दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा काढून आत घातला आणि गिटार लेखिकेकडे वळवली. वरच्या बाजूला स्प्रूसच्या सरळ, बारीक रेषा. आत त्याच जागी आडव्यातिडव्या, भलत्याच लाकडाच्या. सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेली अखंड लाकडाची फळी असेल तर वरची रेषा आणि आतली रेषा जुळते, भोकाच्या कडेवरून ती खाली उतरताना दिसते. इथे तीन थर होते आणि ते दिसू नयेत म्हणून कडेवर रंग फासला होता. खोलीत कोणी काही बोललं नाही, आणि त्या शांततेत विक्रेत्याचं "लाकूड सॉलिड आहे" हे वाक्य कानात पुन्हा पुन्हा वाजलं, अ‍ॅम्पशिवाय.

दुकानात परत गेल्यावरची उत्तरं क्रमाने द्यायला हवीत, कारण ती इतरांनाही मिळणार आहेत. पहिलं: "वाजवत राहा, सहा महिन्यांत आवाज खुलेल." सॉलिड टॉप वाजून वाजून बदलतो असं अनेक वादक मानतात. गोंदाने चिकटवलेल्या तीन थरांबद्दल तसं कोणी म्हणत नाही. दुसरं: "तारा वापरल्या गेल्यात, आता परत घेता येत नाही." तिसरं, जरा आवाज चढवून: "ऑनलाइन बघून येता आणि आम्हाला शिकवता." आणि शेवटी: "प्लाय तर प्लाय, पावसाळ्यात टिकते ना?"

राग येतो तो या शेवटच्या उत्तराचा, कारण त्यात तथ्य आहे. सॉलिड लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत मुंबई-कोकणात ती ऐंशीच्या पुढे सहज जाते, टॉप फुगतो, तारा वर उचलल्या जातात, बोटं सोलवटतात. प्लाय, म्हणजे थर चिकटवलेलं लाकूड, हे सगळं निमूट सोसतो. समुद्राकाठी राहणाऱ्याने, प्रवासात गिटार नेणाऱ्याने तो समजून-उमजून घ्यावा. टेलरची २०१० मध्ये आलेली जीएस मिनी ही त्यातली चांगली तडजोड: टॉप सॉलिड, पाठ आणि बाजू थरांच्या, शिवाय पाठ कमानदार असल्यामुळे आत आडव्या पट्ट्या लागत नाहीत. पण हे सारं आधी सांगायचं असतं, पैसे घेतल्यावर नाही.

जीएस मिनीवरून तारांची गोष्ट निघते. तिची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, साडेतेवीस इंच. ड्रेडनॉटची साधारण साडेपंचवीस. तार तीच आणि सूर तोच ठेवून लांबी एवढी कमी केली, तर ताण जवळजवळ पंधरा टक्क्यांनी घटतो आणि टॉपला धक्काच बसत नाही. म्हणून छोट्या स्केलला जाड तारा लागतात. विक्रेत्याने मात्र "बोटांना सोपं" म्हणून दहाचा, अगदी बारीक सेट चढवला होता. बारा नंबरचा सेट आणि ब्रिजवर तारा टेकतात तिथे हाडाचा सॅडल लावल्यावर निम्मा फरक पडला. (तेराचा सेट कारागिराला विचारल्याशिवाय चढवू नये. स्वस्त गिटारचा ब्रिज उखडतो.)

ज्यांना निवड करायची आहे त्यांनी घेराच्या इंचांइतकंच खोलीकडे बघावं. घेर लहान पण पोट खोल, अशा गिटारीचा खर्ज उथळ गिटारीपेक्षा बरा असतो. मान बाराव्या पडद्याशी अंगाला जुळत असेल तर आणखी चांगलं. त्यामुळे ब्रिज खालच्या घेराच्या मध्याकडे सरकतो, तिथे फळी जास्त मोकळी हलते. पाठ आणि बाजू शिसवी असल्या तर खर्जाला थोडी गडद झाक येते. (ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यावर १९६९ पासून मार्टिनने भारतीय शिसव वापरलं. आपल्या दक्षिणेतलं लाकूड पेनसिल्व्हेनियाला जाऊन येतं आणि आपण त्यावर आयातकर भरतो.) पण टॉप प्लायचा आणि बाजू शिसवी, असा सौदा कोणी देत असेल तर घेऊ नये.

गिटार स्वतः वाजवून बघावी, हे सगळेच सांगतात. त्याहून उपयोगी म्हणजे दुसऱ्याला वाजवायला लावून आपण सात-आठ फूट समोर बसावं. गिटारचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो अर्धाच कळतो. जाड तार मोकळी, मग तिसऱ्या पडद्यावर, मग पाचव्यावर छेडायला सांगावी आणि एखादा सूर एकदम ओरडतो किंवा एकदम मरतो का, ते ऐकावं. तारा कधी बदलल्या, हे विचारावं. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास जागा असावी, पट्टी घरून न्यावी. घाई करू नये, बजेट ठरवून जावं, वगैरे सर्वांना ठाऊक आहेच.

लेखिकेच्या बिलावर "अकूस्टिक गिटार, स्मॉल, विथ ईक्यू" एवढंच छापलं होतं. तोंडी दिलेल्या शब्दाची तक्रार करताना हाताशी कागद नव्हता, आणि विक्रेत्याला ते पक्कं माहीत होतं. तेव्हा बिलावर "सॉलिड टॉप", लाकडाचं नाव आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून, शिक्का मारून घ्या. तसं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलताना तुमच्याकडे दाखवायला काही असेल. लिहून द्यायला दुकानदार कुरकुरला, तर गिटार भिंतीवर परत टांगायला सांगा आणि पुढच्या दुकानात जा.