निअँडरथल मानव आणि एक शाळामास्तर

'आदिमानव' हा पाठ घेताना आपण फळ्यावर बहुधा एकच आकृती काढतो : पाठीत वाकलेला, गुडघे दुमडून चालणारा, हाती सोटा घेतलेला केसाळ पुरुष. ही आकृती कोणत्या हाडांवरून रूढ झाली, ती हकिकत जाणून घेण्याजोगी आहे. तिचा आरंभ आपल्याच एका व्यवसायबंधूपासून होतो.

१८५६ साली जर्मनीत डुसेलडॉर्फ शहरानजीक निअँडर दरीत चुनखडीची खाण चालू होती. तेथील एका गुहेतील माती उपसताना मजुरांना काही हाडे लागली. अस्वलाची असावीत, अशी सर्वांची समजूत झाली. ती एल्बरफेल्ड येथील शाळेत विज्ञान शिकविणारे योहान कार्ल फुलरॉट यांच्या हाती आली. कवटी लांबट व बसकी, कपाळ मागे उतरते, भुवयांवर हाडाचा जाड कंगोरा. हाडे माणसाचीच, परंतु आजच्या माणसाची नव्हेत, हे फुलरॉट यांनी ओळखले. १८५७ साली बॉनचे प्राध्यापक शाफहाउझेन यांच्यासह त्यांनी हे मत विद्वानांपुढे मांडले. ते बहुतेकांना रुचले नाही. एका पंडिताने तर ही हाडे मुडदूस झालेल्या रशियन घोडेस्वाराची ठरविली! १८७७ साली फुलरॉट वारले. पुढे १८८६ साली बेल्जममधील स्पी येथे तशाच दोन मानवांचे अवशेष दगडी हत्यारांसह सापडले, तेव्हा कोठे संशय फिटू लागला.

आता त्या वाकलेल्या आकृतीविषयी. १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सेंत येथे एका वयस्क निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. मार्सेलँ बूल या शास्त्रज्ञाने त्यावरून ही जातच पोक काढून चालणारी होती, असे लिहिले. चित्रकारांनी तेच उचलले. १९५७ साली स्ट्रॉस व केव्ह यांनी ती हाडे पुन्हा तपासली, तेव्हा त्या पुरुषाच्या कण्याला संधिवात जडलेला असल्याचे त्यांनी दाखविले. एका रोग्यावरून साऱ्या जातीचे चित्र रेखाटले गेले होते. वस्तुतः निअँडरथल मानव ताठ चालत असे, आणि त्याचा मेंदू आकाराने आपल्याएवढा, क्वचित मोठाही होता.

हाडे याहूनही अधिक सांगतात. उत्तर इराकमधील शानिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना १९५७ साली एक सांगाडा मिळाला. त्याचा उजवा हात लुळा पडून कोपराजवळ खुंटलेला, डाव्या डोळ्यापाशी जबर मार बसलेला. पण जखमांची हाडे भरून आलेली! म्हणजे अशा अवस्थेत तो कित्येक वर्षे जगला. कोणीतरी त्याला सांभाळले असावे, हा तर्क मला पटतो. वर्गात हे समजावताना गुराचे मोडून जुळलेले, स्वच्छ वाळलेले हाड मिळाल्यास अवश्य दाखवावे. जुळल्या जागेची गाठ मुलांना बोटांनी चाचपता येते.

ही जात सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नष्ट झाली. तथापि २०१० साली स्वांते पेबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांतील आनुवंशिक द्रव्य वाचले, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या लोकांत त्याचा अल्प अंश, सुमारे एक ते दोन टक्के, आजही असल्याचे दिसून आले. आपल्या वर्गातील मुलेही त्यांतच आली.

निअँडर दरीतील ती गुहा खाणकामात केव्हाच नाहीशी झाली होती. परंतु मजुरांनी फेकलेली माती १९९७ साली शोधून उकरण्यात आली. तीत मिळालेला हाडाचा एक तुकडा १८५६ सालच्या डाव्या मांडीच्या हाडाला गुडघ्यापाशी तंतोतंत बसला.