पक्षाघात : पहिले साडेचार तास आणि आरोग्ययंत्रणा

म्हैसूर शहराच्या वायव्य भागात विजयनगर ही मोठी निवासी वसाहत आहे. समजा, तेथील एका घरी सकाळी सहा वाजता साठीच्या गृहस्थांचे तोंड एका बाजूला वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. अशा वेळी घरची मंडळी पाणी पाजतात, हातापायांना तेल चोळतात, जरा पडून राहिले की बरे वाटेल, असा धीर देतात. यात तास-दीड तास सहज निघून जातो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. त्या हिशेबाने हा तास-दीड तास फार महाग पडतो.

पक्षाघाताच्या तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयांनी जी कार्यपद्धती ठरविली आहे, तिचा सारा रोख वेळेवर आहे. ती समजून घेण्यासाठी आधी आजाराचे स्वरूप पाहावयास हवे.

एक लक्षण, दोन विरुद्ध आजार

पक्षाघात दोन कारणांनी होतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईत २००५-०६ या काळात झालेल्या लोकसंख्याधारित नोंदणीत प्रथमच पक्षाघात झालेल्या ४५६ रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या प्रकारचे, तर सुमारे १८ टक्के रक्तस्रावाचे होते. सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले.

बाहेरून पाहता दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. रक्तस्रावात तीव्र डोकेदुखी, उलटी आणि ढासळती शुद्ध अधिक आढळते हे खरे. परंतु केवळ लक्षणांवरून निदान करण्याचे धाडस अनुभवी डॉक्टरही करीत नाहीत. कारण उपचार परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णास दिले, तर ते प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच सीटी स्कॅन होण्यापूर्वी घरी किंवा वाटेतल्या दवाखान्यात ॲस्पिरिनची गोळी देणेही अयोग्य मानले जाते. हृदयविकाराच्या झटक्यात जे योग्य, ते येथे चुकीचे ठरू शकते. हा फरक अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो.

दारापासून सुईपर्यंत

रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक कधी दिसला होता? झोपेतून उठताना लक्षणे आढळली असतील, तर घड्याळ उठल्यापासून नव्हे, तर रात्री तो झोपला तेव्हापासून मोजले जाते. कर्नाटकात १०८ क्रमांकाची सेवा २००८ पासून, तर महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. वाहिकेतूनच रुग्णालयास पूर्वसूचना दिल्यास सीटी स्कॅनचे टेबल मोकळे ठेवता येते.

रुग्णालयात पोहोचताच रक्तातील साखर तपासतात, कारण साखर एकदम उतरल्यासही हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसतात. गिळण्याची क्षमता तपासल्याशिवाय रुग्णास तोंडाने काहीही द्यावयाचे नसते, नाहीतर अन्नपाणी श्वासनलिकेत जाते. त्यानंतर तातडीने सीटी स्कॅन. दारात पाऊल ठेवल्यापासून औषधाची सुई टोचेपर्यंत ६० मिनिटांहून अधिक वेळ लागू नये, हा सर्वमान्य निकष आहे.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल, तर गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा विचार होतो. १९९५ मधील अमेरिकन संशोधनाने अल्टेप्लेज या औषधाची उपयुक्तता पहिल्या तीन तासांपुरती सिद्ध केली. २००८ मधील युरोपीय संशोधनाने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविली. औषध देण्यापूर्वी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. मोठ्या धमनीतील गुठळी नलिका घालून यांत्रिक पद्धतीने काढण्याचा उपाय २०१५ नंतर प्रस्थापित झाला. निवडक रुग्णांमध्ये तो २४ तासांपर्यंतही करता येतो.

स्कॅनमध्ये रक्तस्राव आढळल्यास घाई कमी होत नाही. तिची दिशा बदलते. वरचा रक्तदाब १४० च्या आसपास आणणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रभाव उलटविणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि गरज भासल्यास शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. रक्तस्रावाच्या रुग्णासाठी करण्यासारखे फारसे काही नाही, अशी निराशा पूर्वी वैद्यकीय वर्तुळातही आढळे. हे उपाय एकत्रितपणे व तातडीने केल्यास अपंगत्व कमी होते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय संशोधनात दिसून आले. भारतही त्यात सहभागी होता.

पुण्याचे औषध, गडचिरोलीचे अंतर

अल्टेप्लेज शिरेवाटे तासभर द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज हे त्याच कुळातील औषध मात्र एकाच इंजेक्शनात देता येते. त्यामुळे लहान रुग्णालयात ते देऊन रुग्णास पुढे पाठविणे सोपे जाते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने तयार केलेल्या टेनेक्टेप्लेजला पक्षाघातासाठी भारतात २०१६ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत या औषधाला पक्षाघातासाठी मान्यता मिळण्यास २०२५ उजाडले.

औषध पुण्यात तयार होते. पण ते पोहोचते कोठे? विजयनगरच्या त्या गृहस्थांना काही किलोमीटरवर के. आर. रुग्णालय आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा ते जिल्ह्याचे ठिकाण हे अंतरच दोनशे किलोमीटरच्या घरात जाते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंचा अभ्यास केला. त्यांपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण ठरले. पक्षाघाताच्या या बळींपैकी ८७ टक्के घरीच मरण पावले. पक्षाघात हा शहरी सुखवस्तू लोकांचा आजार आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

केंद्र शासनाने असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू केला आणि पक्षाघाताचा प्रतिबंध व उपचार यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसृत केली. हिमाचल प्रदेशाने २०१४ पासून राबविलेला प्रयोग येथे विशेष अभ्यासण्यासारखा आहे. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर सीटी स्कॅनची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवीत आणि त्यांच्या सल्ल्याने औषध देत. डोंगराळ राज्यात प्रत्येक जिल्ह्याला तज्ज्ञ मिळणे अवघड. पण चालू स्थितीतील सीटी यंत्र, औषधाचा साठा आणि रात्री दूरध्वनी उचलणारा डॉक्टर यांची व्यवस्था करता येते.

न्यायालयाचा निकाल

या प्रश्नाला घटनात्मक बाजूही आहे. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली रेल्वेगाडीतून पडलेल्या एका शेतमजुराच्या डोक्याला गंभीर दुखापत होऊन मेंदूत रक्तस्राव झाला. खाट रिकामी नाही, सीटी स्कॅनची सोय नाही, अशा कारणांनी एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याने उपचार घेतले. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तातडीचे उपचार नाकारणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरविला आणि २५ हजार रुपये भरपाई देवविली. निधीच्या टंचाईची सबब न्यायालयाने मान्य केली नाही. जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांत सुविधा वाढवाव्यात, रुग्णवाहिकांची व्यवस्था असावी आणि खाट कोठे रिकामी आहे हे तत्काळ कळावे यासाठी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा उभारावी, असे निर्देशही त्या निकालात आहेत.