गोदीतील कला आणि गोदीतील माणसे

कलेचे स्थान संग्रहालयातच असावे काय, हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या ससून गोदीत त्याला मिळालेले उत्तर आपल्या जिल्ह्यानेही विचारात घ्यावे असे मला वाटते.

कुलाब्याची ही गोदी अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भराव घालून बांधली. ती 1875 मध्ये पूर्ण झाली. तिच्यामागे कापसाचा इतिहास आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली. 1867 मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि आपल्या भागातील कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. ससून गोदीत कापसाची चढउतार होई. पुढे मुंबईत मोठ्या गोद्या झाल्या आणि ससून गोदी मासळीचे बंदर बनली. आजही तेथे पहाटे मासळीचा लिलाव होतो, बायका कोळंबी सोलत बसतात.

याच गोदीतील एका जुन्या गोदामात 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्टार्ट इंडिया फाउंडेशनने कलाप्रदर्शन भरविले. देशी-परदेशी कलावंतांनी तेथे काम केले. कोळी स्त्री-पुरुषांची भव्य छायाचित्रे भिंतींवर लागली. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हलसाठीही हीच जागा निवडली गेली.

कोचीचे अ‍ॅस्पिनवॉल हाऊसही असेच पाण्याकाठचे. मिरी, सुंठ, काथ्या यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीची ही वास्तू 2012 पासून कोची बिएनालेचे मुख्य केंद्र झाली. परंतु तेथील जुना व्यापार आधीच संपला होता. कला रिकाम्या घरात आली. ससून गोदीत मात्र कष्ट चालूच होते. कलेला कष्टकऱ्यांच्या शेजारी जागा मागून घ्यावी लागली. मला हे अधिक मोलाचे वाटते.

अर्थात भिंतीवर चेहरा आला म्हणजे हक्क मिळाला, असे होत नाही. चित्र पाहून पाहुणा परत जातो. कोळीण तेथेच राहते. तिच्या पोटापाण्याची जागा शाबूत राहिली, तरच त्या चित्राला अर्थ आहे.

आपल्याकडेही वर्धा नदीकाठी पुलगावला आणि वणेकाठी हिंगणघाटला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. उद्या अशी एखादी जुनी इमारत कलेसाठी देण्याचा विचार झाला, तर तेथे दंडार आणि खडी गंमत यांनाही रंगमंच मिळावा. साच्यावर आयुष्य घालविलेल्या कामगाराने मुलांना सूत कसे निघते ते सांगावे, आणि त्याबद्दल त्याला मानधन मिळावे. ज्यांच्या घामाने ती वास्तू उभी राहिली, त्यांना तेथे तिकीट काढून शिरावे लागू नये, एवढे पथ्य आपण पाळले पाहिजे.