तुंगारेश्वराखालीं ज्वालामुखी आहे काय ?

वज्रेश्वरीची सहल आटोपून परत आल्यावर वर्गांतील एका मुलानें विचारलें, "सर, तेथल्या कुंडांतलें पाणी इतकें ऊन कसें ? तुंगारेश्वराच्या पोटांत ज्वालामुखी तर नाहीं ना ?" प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सन २०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्याच पालघर जिल्ह्यांत, डहाणू व तलासरी तालुक्यांत, भूकंपाचे धक्के बसूं लागले आणि कित्येक कुटुंबांनीं घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. अशा वेळीं भलतीसलती भीति मनांत घर करते. तेव्हां या प्रश्नाचा नीट विचार करूं.

पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. तें मोठमोठ्या पट्टांचें बनलेलें असून हे पट्ट वर्षास कांहीं सेंटिमीटर या गतीनें सरकत असतात. समुद्रतळाचा जड पट्ट खंडाच्या कांठाशीं भिडला म्हणजे त्याच्या खालीं बुडूं लागतो. बुडणाऱ्या खडकांतील पाणी वरच्या तप्त खडकांत शिरतें. आणि मीठ टाकल्यानें बर्फ जसें अधिक थंडींतही वितळतें, तसा पाण्याच्या योगानें खडक कमी उष्णतेंत वितळतो. हा रस वर येऊन खंडाच्या कांठाला समांतर अशी ज्वालामुखींची रांग उभी राहते. दक्षिण अमेरिकेंतील अँडीजचे ज्वालामुखी असेच झाले. आपल्या देशांत अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेट याच जातीचें. दीर्घ विश्रांतीनंतर तें १९९१ सालीं पुन्हा जागें झालें.

अशीच एक प्राचीन रांग लडाखांत होती. भारत व आशिया यांमध्यें त्या काळीं टेथिस नांवाचा समुद्र होता व त्याचा तळ आशियाखालीं बुडत होता. सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं भारत आशियास भिडला. समुद्र मिटला, ज्वालामुखी विझले आणि पुढें हिमालय उंचावला. लेहच्या उत्तरेचे फिकट ग्रॅनाइटचे डोंगर म्हणजे त्या ज्वालामुखींच्या पोटांत थिजलेला रस होय.

आतां आपल्या सह्याद्रीकडे वळूं. त्याचा काळा पाषाणही अग्नीपासूनच झाला, परंतु तो अग्नि निराळा. लडाखची रांग धगधगत असतांनाच, सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं, इकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून पातळ लाव्हारस पुराप्रमाणें पसरला. येथें कोणताही पट्ट खालीं बुडत नव्हता. पृथ्वीच्या खोल गर्भांतून तप्त खडकाचा स्तंभ वर आला होता, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. थरावर थर बसले. आजही ते सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापतात. घाटांतून जातांना डोंगराला पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. दोन पुरांमध्यें उसंतही मिळे. मुंबईस वरळी येथें अशा उसंतींत सांचलेल्या गाळाच्या खडकांत चिमुकल्या बेडकांचे अवशेष सांपडले. रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें.

पुढें भारत उत्तरेस सरकला. तो उष्ण स्तंभ मागें राहिला. हिंदी महासागरांतील रीयुनियन बेटावरचा ज्वालामुखी आज त्याच्याच जोरावर फुटतो. आपल्या पश्चिमेचा भूभाग फाटून सेशेल्स दूर गेलें व मध्यें समुद्र पसरला. म्हणजे आपला किनारा हा खंडाचा फाटलेला कांठ आहे. त्याखालीं कोणताही पट्ट बुडत नाहीं. म्हणून येथें ज्वालामुखींची रांग नाहीं.

मग ऊन पाणी कोठलें ? पावसाचें पाणी जुन्या भेगांतून खोल झिरपतें. तेथें दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनीं वाढते. तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें, इतकेंच.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. ज्वालामुखी नाहीं म्हणून भूकंप नाहीं, असें नव्हे. जुन्या भेगांवर ताण सांचून त्या सरकतात व जमीन हादरते. यास्तव खोटी भीति टाकावी, पण घर मजबूत बांधावें आणि धक्का बसतांच काय करावयाचें तें घरांतील लहानथोरांस शिकवून ठेवावें. पुढच्या वेळीं तुंगारेश्वरास जाल तेव्हां तेथला एक काळा दगड हातीं घ्या. तो सहा कोटि वर्षांहून अधिक काळ थंड आहे. घरच्या आजीबाईंना हेंही अवश्य सांगा.