धानाची ने-आण करणाऱ्या पिकअप गाडीसाठी सायलेन्सरची निवड

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. खरिपाच्या कापणीनंतर बांध्यांतून व खळ्यांवर धानाचे पुंजणे उभे राहतात, मळणीनंतर तणसाचे ढीग लागतात आणि धानाची पोती खरेदी केंद्राकडे किंवा भातगिरणीकडे रवाना होतात. पूर्वी ही सारी वाहतूक बैलबंडीने होत असे. आता गावोगावी पिकअप गाड्या आल्या असून त्या थेट पुंजण्यापर्यंत नेल्या जातात. या बदलाने वेळ व श्रम वाचले, हे खरे. परंतु बंडीच्या आसाखाली जे कधीच नव्हते ते पिकअपच्या खाली असते. ती वस्तू म्हणजे इंजिनाचे जळते वायू वाहून नेणारी तापलेली नळी व तिला जोडलेला सायलेन्सर. हा सायलेन्सर गंजून निकामी झाला म्हणजे मालक बाजारात जातो आणि बहुधा किंमत व आवाज या दोनच गोष्टी पाहून नवा सायलेन्सर घेतो. अशी निवड कधी कधी फार महाग पडते. निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचे विवेचन या पाठात केले आहे.

सायलेन्सरचे कार्य

चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असता त्याच्या निकास-झडपांतून दर मिनिटास ४,००० वेळा, म्हणजे सेकंदास सुमारे ६७ वेळा, दाबाखालील तप्त वायू बाहेर फेकला जातो. प्रत्येक फेक हा एक स्वतंत्र धक्का असतो आणि या धक्क्यांची मालिका कानास प्रचंड आवाजाच्या रूपाने ऐकू येते. सायलेन्सरमध्ये हे वायू प्रथम रुंद कप्प्यात पसरतात, नंतर छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून व आडव्या पडद्यांमधून वळत वळत पुढे जातात. त्यामुळे धक्क्यांचा जोर मोडतो व शेपटीच्या नळीतून वायूचा प्रवाह शांतपणे बाहेर पडतो.

वायूला वाट काढताना जो अडथळा होतो त्यास प्रतिदाब म्हणतात. नळी अरुंद असेल किंवा आत काजळी साचली असेल तर प्रतिदाब वाढतो. मग इंजिन तापते, डिझेल जास्त लागते, काळा धूर निघतो व भरलेली गाडी चढावर ओढत नाही. परंतु यावरून सायलेन्सर जितका मोकळा तितकी शक्ती अधिक, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. आजच्या पिकअप गाड्यांची इंजिने टर्बोचार्जर असलेली असतात व कारखान्याने बसविलेला सायलेन्सर त्या इंजिनाच्या मापानेच तयार केलेला असतो. आत काहीही नसलेला मोकळा डबा बसविल्याने धान वाहणाऱ्या गाडीच्या कामात वाढ होत नाही, केवळ आवाज वाढतो. मोठा आवाज हे मोठ्या शक्तीचे लक्षण नव्हे, ही गोष्ट तरुण चालकांस मुद्दाम समजावून सांगणे आवश्यक आहे.

सायलेन्सर का गंजतो

एक लिटर डिझेल जळाले की सुमारे एक लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरेसा तापतो व ही वाफ बाहेर निघून जाते. गावातून शेतात व शेतातून खळ्यावर अशा थोड्या थोड्या फेऱ्यांत मात्र सायलेन्सर नीट तापत नाही. वाफेचे पाणी होऊन ते तळाशी साचते व पत्रा आतून कुजतो. त्यात या जिल्ह्यात वर्षाला एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिखलणीच्या दिवसांत पांदणीवरचा चिखल सायलेन्सरवर बसून वाळतो व ओल धरून ठेवतो, त्यामुळे पत्रा बाहेरूनही गंजतो. इंजिनापासून सर्वांत दूर असलेला मागचा भाग सर्वांत थंड राहतो, म्हणून बहुधा तोच आधी फुटतो.

मात्र काळा धूर निघू लागला किंवा गाडीची ओढ कमी झाली म्हणजे दोष सायलेन्सरचाच असतो असे नाही. मळणीच्या हंगामात उडणाऱ्या भुशाने व धुळीने हवेची गाळणी तुंबते आणि तेव्हाही हीच लक्षणे दिसतात. म्हणून प्रथम गाळणी तपासावी. गाडी थंड असताना सायलेन्सरवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहावे. आत सुटे तुकडे खडखडत असतील, गंजाचे पापुद्रे गळत असतील किंवा सांध्यावर काजळीचे काळे डाग दिसत असतील, तरच सायलेन्सर बदलण्याचा विचार करावा.

कोणता प्रकार घ्यावा

बाजारात मुख्यत्वे दोन प्रकार मिळतात. पहिला कप्प्यांचा. यात पडदे व नळ्या वेल्डिंगने जोडलेल्या असतात. दुसरा भरणाचा. यात छिद्रांच्या सरळ नळीभोवती काचतंतूचा कापूस भरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात प्रतिदाब कमी असतो, परंतु काजळी, ओल व उष्णता यांनी भरण झिजते, काही काळाने नळीतून उडून जाते व आवाज वाढत जातो. चिखलातून व तणसातून चालणाऱ्या गाडीस कप्प्यांचाच सायलेन्सर अधिक टिकाऊ व भरवशाचा होय.

पत्र्याच्या बाबतीत तीन पर्याय असतात. साधा पोलादी पत्रा सर्वांत स्वस्त, परंतु लवकर गंजणारा. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा मध्यम किमतीचा व पुष्कळ टिकाऊ असतो. मात्र वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो, म्हणून तेथे उष्णता सहन करणारा रंग लावून घ्यावा. स्टेनलेस पोलाद सर्वांत महाग व सर्वांत टिकाऊ. येथे एक इशारा देणे जरूर आहे. चुंबक चिकटला म्हणजे ते स्टेनलेस नव्हे, असा समज दुकानांत आढळतो. वस्तुतः सायलेन्सरसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ४०९ जातीच्या स्टेनलेस पोलादास चुंबक चिकटतो. तेव्हा चुंबकावर विसंबू नये. बिलावर पत्र्याची जात व जाडी लिहून घ्यावी. दोन सायलेन्सर हातात घेऊन वजनाची तुलना केल्यासही पत्रा पातळ की जाड याचा अंदाज येतो.

मापे कोणती घ्यावीत

दुकानात जाण्यापूर्वी जुना सायलेन्सर काढून किंवा गाडीखाली जाऊन पुढील मापे कागदावर टिपावीत :

१. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीचा व्यास. नवी नळी जुनीपेक्षा अरुंद असू नये.

२. सायलेन्सरच्या डब्याची लांबी, रुंदी व उंची.

३. टांगण्याच्या आकड्यांची जागा. टांगणीचे रबर चिरलेले असल्यास तेही बदलावे.

४. जमिनीपासूनची उंची. नवा सायलेन्सर जुन्यापेक्षा खाली लोंबता कामा नये. बांधीच्या धुऱ्यावर तो प्रथम आपटेल.

५. डिझेलची टाकी व नळी, ब्रेकची नळी, विजेच्या तारा, जादा चाक व हौद्याचा तळ यांपासूनचे अंतर. हे अंतर जुन्या रचनेपेक्षा कमी होऊ देऊ नये.

गाडीच्या नोंदणी-पुस्तकातील मॉडेल व उत्पादनाचे वर्ष दुकानदारास सांगावे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आहे. त्या मानकाच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या अलीकडे उत्प्रेरक-पात्र व काजळी अडविणारी गाळणी असते आणि त्यांवर तापमान व दाब मोजणारी उपकरणे बसविलेली असतात. हे भाग सायलेन्सर नव्हेत. ते कापून त्यांच्या जागी सरळ नळी जोडू देऊ नये. उत्प्रेरक-पात्रात प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे मौल्यवान धातू असल्याने त्यास भंगारातही चांगली किंमत येते. म्हणून काढलेला प्रत्येक भाग मालकाने दुकानातून परत मागून घ्यावा.

तणस आणि आग

या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. भार ओढणाऱ्या डिझेल इंजिनातून निघणाऱ्या वायूंचे तापमान ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. स्टेज-६ गाडीतील गाळणी स्वतःतील काजळी जाळून साफ करते तेव्हा तिच्या आत ५५० ते ६५० अंश तापमान असते. वाळलेले तणस व गवत यांना पेट घेण्यास याहून पुष्कळ कमी उष्णता पुरते. फुटक्या सायलेन्सरमधून निघणारी वायूची झोत, आत साचलेल्या काजळीची उडणारी ठिणगी किंवा डब्यावर अडकलेल्या तणसाची एक मूठ, यांपैकी कोणतेही एक कारण पुंजणे पेटविण्यास पुरेसे असते. पुंजणे म्हणजे कुटुंबाचे वर्षभराचे अन्न, सोसायटीच्या कर्जाची फेड आणि जनावरांचा चारा. ते जळण्यास घटकाभर पुरते.

म्हणून खळ्यावर जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात. त्यावरील उष्णतारोधक पत्रा काढून टाकलेला नसावा. असल्यास नवा बसवावा. शेपटीची नळी हौद्याच्या बाहेर यावी, तिचे तोंड खाली जमिनीकडे किंवा लोंबणाऱ्या ताडपत्रीकडे नसावे. जुन्या, गाळणी नसलेल्या गाडीस ठिणगी-रोधक बसविता येतो. त्यात वायू जाळीतून किंवा गोल फिरवून जाऊ दिला जातो व जळते कण आतच अडतात. त्याची जाळी वेळोवेळी साफ करावी, नाही तर प्रतिदाब वाढतो.

वापरातही शिस्त हवी. गाडी पसरलेल्या तणसावर उभी करू नये. उभी करण्याची जागा आधी झाडून घ्यावी. भरणी चालू असता इंजिन बंद ठेवावे. प्रत्येक फेरीनंतर, सायलेन्सर निवल्यावर, त्यावर व पत्र्याच्या फटीत अडकलेले तणस काढावे. गाळणी साफ करण्याची सूचना देणारा दिवा लागल्यास ते काम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे मोकळ्या सडकेवर पूर्ण करूनच खळ्यात शिरावे. गाडीत कोरड्या पावडरीचे अग्निशामक व खळ्यावर पाण्याचे ड्रम तयार असावेत. उन्हाळ्यात तेंदूपाने वाहणाऱ्या गाड्यांनाही हे सर्व नियम तितकेच लागू आहेत; त्या दिवसांत जंगलातील पाचोळा तणसाइतकाच ज्वालाग्राही असतो.

विषारी वायू व आवाज

निकासाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही व वासही नाही. पुढच्या सांध्यातून गळती झाल्यास तो चालकाच्या खोलीत शिरू शकतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची लक्षणे असून चालक त्यांस थकवा समजतो. खरेदी केंद्रावर रात्र काढावी लागल्यास काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत कोणीही झोपू नये. बंद शेडमध्येही इंजिन चालू ठेवू नये.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. निवासी भागासाठी कायद्याने घातलेली मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. रुग्णालये व शाळा यांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. या जिल्ह्यातील अनेक रस्ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या लगत जातात, आणि महाराष्ट्रात उरलेले सारस पक्षी मुख्यत्वे येथीलच तलावांच्या व धानाच्या बांध्यांच्या आश्रयाने राहतात. शांत गाडी ही गावाइतकीच त्यांचीही गरज आहे.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे सक्तीचे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात व परवानाही तीन महिने अपात्र ठरतो. दुकानदाराने दिलेली हमी या दंडातून सोडवीत नाही.

बसविल्यानंतरची तपासणी

नवा सायलेन्सर बसविताना सांध्यांतील गॅस्केट व पट्ट्या नव्या घ्याव्यात. इंजिन थंड असताना चालू करून शेपटीच्या तोंडाशी जाड चिंध्यांचा बोळा क्षणभर धरावा. सांध्यातून फुसफुस ऐकू आल्यास गळती आहे असे समजावे. आठवडाभराच्या वापरानंतर नट पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात चिखल धुऊन काढावा आणि तळाशी पाणी निघण्याचे बारीक छिद्र असल्यास ते बुजू देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कापणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातील पिकअप मालकांस एकत्र बोलावून एका गाडीखालील सायलेन्सर, उष्णतारोधक पत्रा व सांधे प्रत्यक्ष दाखवावेत. इंजिनाच्या मापाचा, कप्प्यांचा, जाड पत्र्याचा, पुरेशा उंचीवर टांगलेला व गळती नसलेला सायलेन्सर हाच योग्य सायलेन्सर, एवढी गोष्ट मालकांच्या मनावर ठसली तरी पुष्कळ काम होईल. किमतीतील थोड्या बचतीची तुलना दुसऱ्या सायलेन्सरच्या किमतीशी न करता, गाडी ज्या पुंजण्याशेजारी उभी राहणार त्या पुंजण्याच्या किमतीशी करावी.