उंच पेला, जास्त सरबत?

प्रश्न : माझी धाकटी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. दोघा भावंडांना मी एकाच भांड्याने मोजून सरबत देते. पण हिला पसरट वाटीत दिलं की रडारड सुरू. दादाच्या उंच पेल्यात जास्त आहे म्हणते. समोर ओतून दाखवलं तरी पटत नाही. तिची तर्कबुद्धी कच्ची आहे का? घरच्या घरी काय करता येईल? ॲबॅकसचा क्लास लावू का?
– एक आई, सांगली

उत्तर : कच्ची अजिबात नाही. तुमच्या स्वयंपाकघरात जे घडतंय तो बालमानसशास्त्रातला अत्यंत गाजलेला प्रयोग आहे. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करत होते. त्यांचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांकडेच गेलं, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढे त्यांनी पाण्याचा प्रयोग केला. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, मुलाकडून 'सारखं आहे' असं वदवून घ्यायचं आणि मग एका पेल्यातलं पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद भांड्यात ओतायचं. आता कशात जास्त? सातच्या आतली बरीचशी मुलं उंच भांड्याकडे बोट दाखवतात. उंची नजरेत भरते. त्याच वेळी भांडं अरुंद आहे हेही ध्यानात धरणं त्या वयात जड जातं.

गोष्ट इथेच संपली असती तर 'दीड-दोन वर्षं थांबा' एवढंच सांगितलं असतं. पण १९७४ साली सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक या संशोधकांनी एक बारीकसा बदल करून पाहिला. पियाजेंच्या पद्धतीत तोच प्रश्न दोनदा येतो, बदलाआधी आणि बदलानंतर. यांनी तो नंतर एकदाच विचारला, तर मुलं कमी चुकली. त्याच सुमारास मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि त्यातली एक 'खोडकर' टेडी अस्वलाकडून विस्कटवली. मोठ्या माणसाने रांग हलवल्यावर जितकी मुलं 'सारख्याच आहेत' म्हणत, त्याहून कितीतरी जास्त मुलं आता तसं म्हणाली.

मला यातली खरी मेख इथे दिसते. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं आणि तेच पुन्हा विचारतं, तेव्हा मूल सोंगट्या सोडून त्या माणसाचा विचार करतं : पुन्हा विचारतायत, म्हणजे मघाचं उत्तर चुकलं असणार. हाही तर्कच आहे, आणि आपल्या घरांत नि वर्गांत तो बहुतेक वेळा खरा ठरतो. उत्तर बरोबर असताना आपण 'नक्की?' असं कितीदा विचारतो? मूल मग पेल्याऐवजी आपला चेहरा वाचायला शिकतं.

म्हणून पहिला बदल तुम्ही करा. तिचं उत्तर चुकलेलं असो वा बरोबर, दोन्ही वेळा त्याच सुरात विचारा, 'कशावरून?' ती म्हणेल, 'बाबा आले.' कशावरून? 'चपला आहेत.' बरं, पण बूट घालून गेले असतील तर चपला घरीच राहणार ना? यावर ती 'मग स्कूटर बघते' म्हणून खिडकीकडे पळाली, तर तुमचं काम झालं. स्कूटर दिसो न दिसो.

सरबतापुरतं म्हणाल तर एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. दादा आपोआप काटेकोर होईल आणि धाकटीला उंची-रुंदी स्वतः ताडून बघावी लागेल.

आता एक खेळ. दहा चिंचोके मांडा. पाळीपाळीने प्रत्येकाने एक किंवा दोन उचलायचे. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती, तो जिंकला. काही डाव ती नुसती उचलत सुटेल. मग कधीतरी लक्षात येईल, की आपल्या पाळीला तीन उरले की आपण गेलोच : एक उचलला तर समोरचा दोन घेतो, दोन उचलले तर एक. इथे जीभ आवरा, युक्ती सांगू नका. फक्त विचारा, 'मग माझ्यापुढे तीन यावेत म्हणून तू आधी किती ठेवायला हवेस?' शेवटापासून मागे मागे येत ती सहावर पोचेल, मग नऊवर. पहिली पाळी मिळाली की एकच चिंचोका उचलायचा हे तिला कळलं, की दादाची खैर नाही. दादासाठी एकवीस चिंचोके घ्या आणि तीनपर्यंत उचलायची मुभा द्या. तिथे चारचा हिशेब चालतो.

सापशिडीत मजा आहे, पण सगळं फाशाच्या हाती; डोक्याला काही काम नाही. त्यापेक्षा थोडी मोठी झाली की नवकंकरी शिकवा. एकात एक तीन चौकोन खडूने फरशीवर आखून त्यांच्या बाजूंचे मध्य रेषांनी जोडले की पट तयार, आणि समोरच्याच्या तीन सोंगट्या एका रेषेत जुळू नयेत म्हणून त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ओळखणं हाच सगळा डाव.

ॲबॅकसने आकडेमोड चपळ होते. मण्यांची तिला गोडी वाटली तर जरूर लावा, तर्कासाठी म्हणून मात्र फी भरू नका. तिथे भर वेगावर असतो, 'कशावरून'ला फारसा वाव नसतो. आणि लावायचाच असेल तर आणखी एक-दोन वर्षांनी.