आधी कान, मग बोट

बाबू, ताईचा फोन आला होता. बीजीएमआय गेमवरून तुला ओरडू नको म्हणून मी तिला सांगितलंय. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांवर तो गेम स्वतःच थांबवतो, तेवढे तास पुरे आहेत. पण खेळणारच आहेस तर नीट शिकून खेळ.

टीपीपी सोड, एफपीपी लाव. टीपीपीत कॅमेरा आपल्या माणसाच्या पाठीमागे असतो, त्यामुळे भिंतीआड लपूनही पलीकडचं दिसतं. एफपीपीत स्वतः डोकं बाहेर काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि काढलंस की समोरच्यालाही तू दिसतोस. सुरुवातीला फार चिडशील, पण कोपरा कसा ओलांडायचा हे यातच कळतं. भिंतीला चिकटून वळू नको. दोन पावलं लांब राहा आणि पलीकडची जागा थोडी थोडी उघडत जा. चिकटून वळणाऱ्याचा खांदा आधी बाहेर येतो, तो दिसला की गेला.

क्रॉसहेअर, म्हणजे निशाण्याचा ठिपका, जमिनीकडे नेऊ नको. नवी पोरं पायाखाली बघत पळतात, माणूस दिसला की मग निशाणा वर उचलतात, तोवर खेळ खल्लास. दार दिसलं की माणसाचं डोकं जिथे येईल त्या उंचीवर, चौकटीच्या कडेपासून जरासं बाहेर, ठिपका धरून ठेव. मग फक्त बोट दाबायचं उरतं. नागपूरच्या कॅफेत आम्ही लॅनवर काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळायचो, तेव्हाही हेच चालायचं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, आवाज. मुक्की गेटातून कान्हात गेलास तेव्हा गाईडने जिप्सी बंद करून सगळ्यांना गप्प केलं होतं, आठवतं? चितळाचा, वानराचा इशारा ऐकून त्याने वाघ कुठल्या बाजूला आहे ते ओळखलं, दिसला तो नंतर. इथेही तसंच आहे. पळताना आपल्याच पावलांच्या आवाजात दुसऱ्याची पावलं बुडतात, म्हणून घरात शिरण्याआधी क्षणभर थांब. लाकडी जिन्यावरचा पाय वेगळा वाजतो, गवतातला वेगळा. त्यासाठी वायरवाले इअरफोन घे. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो.

बंदूक म्हणशील तर आधी एम416, एकेएम नंतर. एकेएम जोरात लागते, पण तितकीच उसळते. ट्रेनिंग ग्राउंडवर भिंतीसमोर उभा राहा, एका दमात तीसही गोळ्या झाड आणि भोकं बघ. ती वर चढत गेलेली दिसतील. ती जेवढी चढतात तेवढं बोट खाली ओढायचं, दुसरी युक्ती नाही. सेन्सिटिव्हिटी एकदा जमली की रोज बदलत बसू नको, हाताला सवय लागायला वेळ लागतो. आणि पाच गोळ्या उडाल्या की लगेच रीलोड मारू नको. पंचवीस शिल्लक असतात, आणि रीलोडच्या त्या दोन-तीन सेकंदांत समोरचा मोकळा असतो.

तुमच्या बैहरात पाऊस आला की नेट डळमळतं. पिंग लाल दिसलं तर रँकची मॅच लावू नको, सराव कर.

टीममध्ये बोलताना ‘तिकडे आहे, तिकडे आहे’ असं ओरडू नको. कुणाला काही कळत नाही. वर होकायंत्राची पट्टी आहे, त्यावरचा आकडा वाच आणि सांग: 240, निळं छप्पर, वरचा मजला, एकटाच.